पे-डे २

पे-डे २ : स्टॉकहोमच्या ओव्हरकिल सॉफ्टवेअर या संस्थेने घडवलेला, चार खेळाडूंनी मिळून खेळायचा नेमबाजीचा व्हिडिओ गेम. ५०५ गेम्स या प्रकाशन कंपनीने १३ ऑगस्ट २०१३ रोजी तो विंडोज, प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० या यंत्रांसाठी बाजारात आणला. मुखवटे चढवायचे, बँक किंवा जवाहिऱ्याचे दुकान लुटायचे आणि पोलिसांच्या वेढ्यातून माल घेऊन निसटायचे, असे त्याचे स्वरूप आहे. तो आला तेव्हा याच कथानकातला ‘पे-डे: द हाइस्ट’ (ऑक्टोबर २०११) खेळाडूंना परिचित होता. पे-डे २ वरून दोन स्वतंत्र नैतिक वाद झाले. एक पडद्यावर दाखवलेल्या गुन्ह्याचा, दुसरा कंपनीने आपल्या गिऱ्हाइकांशी केलेल्या व्यवहाराचा. या खेळाचे इतिहासातील स्थान दुसऱ्या वादाने ठरवले.

पार्श्वभूमी : स्टॉकहोममधील ग्रिन ही खेळनिर्मिती संस्था २००९ मध्ये बंद पडली. तिच्यातील बो आणि उल्फ अँडरसन हे बंधू आणि संगीतकार सायमन विक्लुंड यांनी ओव्हरकिलची स्थापना केली. ग्रिनने विकसित केलेले डीझेल हे तांत्रिक इंजिन याच मंडळींनी पुढे वापरले. २०१२ मध्ये स्टारब्रीझ या स्वीडिश कंपनीने ओव्हरकिल आपल्याकडे घेतली. पे-डे २ च्या रचनेची धुरा डेव्हिड गोल्डफार्ब यांनी सांभाळली. संगीत विक्लुंड यांचे होते आणि टोळीला कानातल्या यंत्रातून सूचना देणाऱ्या ‘बेन’ या सूत्रधाराचा आवाजही त्यांचाच.

खेळाची मुळे हॉलिवूडच्या दरोडापटांत आहेत. मायकल मान यांच्या ‘हीट’ (१९९५) या चित्रपटातील भररस्त्यावरच्या चकमकीची छाप पहिल्या भागावर उघड दिसते. पुढे हे नाते रीतसर करारांचे झाले. २०१४ मध्ये ‘जॉन विक’ या चित्रपटाचा नायक खेळात आला आणि २०१७ मध्ये ‘रिझर्व्हॉयर डॉग्ज’वर आधारलेला दरोडा आला. जानकार्लो एस्पोझिटो आणि रॉन पर्लमन या नामवंत नटांनीही यातील पात्रे रंगवली.

रचना आणि खेळण्याची रीत : कथा अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन डीसी येथे घडते. डॅलस, हॉक्स्टन, चेन्स आणि वुल्फ ही मूळची चौकडी. क्राइमनेट नावाच्या नकाशावर दरोड्यांची कामे झळकतात आणि खेळाडू त्यातले एक निवडतात. कामे देणारे वेगवेगळे असतात. अमली पदार्थांचा व्यापारी आहे, शस्त्रांची दलाल आहे, ‘एलिफंट’ या टोपणनावाचा राजकारणीही आहे. बहुतेक कामे दोन तऱ्हांनी करता येतात: चोरपावलांनी किंवा दणक्यात.

चोरपावलांचा मार्ग शिस्तीचा आहे. पहारेकरी मारला की त्याच्या कमरेचा पेजर वाजू लागतो. कोणीतरी धावत जाऊन तो उचलावा लागतो आणि पलीकडच्या नियंत्रण कक्षाला थाप मारून वेळ निभावून न्यावी लागते. अशा थापा साऱ्या टोळीला मिळून चारच खपतात, पाचव्या पेजरला धोक्याची घंटा वाजते. म्हणजे एकाने उतावीळपणे झाडलेली गोळी चौघांच्या सामाईक पुंजीतून वजा होते. गोळी झाडण्याआधी सोबत्यांना विचारण्याची सवय खेळाडूंना येथे लागते.

दणक्याच्या मार्गात पोलिसांच्या हल्ल्याच्या लाटा येतात. तिजोरीला लावलेले ड्रिल मध्येच अडकते आणि गोळीबारात कोणाला तरी जाऊन ते पुन्हा चालू करावे लागते. क्लोकर हा विशेष पोलीस एका लाथेत खेळाडूला लोळवतो आणि त्याला उठवायला दुसरा गडी लागतो. टेझर या दुसऱ्या विशेष पोलिसाच्या विजेच्या झटक्यात सापडलेल्याची सुटका बहुधा साथीदारच करतो. लुटीच्या पिशव्या जड असल्याने खांद्यावर घेतल्या की चाल मंदावते, म्हणून त्या फेकत-झेलत गाडीपर्यंत न्याव्या लागतात. एकट्याने शौर्य गाजवण्यापेक्षा वेळेवर धावून जाणे येथे मोलाचे ठरते, आणि अनोळखी माणसांना तासाभरात एका टोळीचे सवंगडी करण्याची या खेळाची ताकद यातूनच आली आहे.

गुन्ह्याच्या चित्रणाचा वाद : पे-डे २ मध्ये खेळाडू गुन्हेगाराच्या बाजूने असतो आणि शेकड्यांनी पोलीस मारतो. युरोपच्या पेगी मंडळाने त्याला १८ वर्षांवरील, तर अमेरिकेच्या ईएसआरबीने १७ वर्षांवरील खेळाडूंसाठीचे मानांकन दिले. ‘रॅट्स’ या कामात टोळी एका घरात बसून मेथ बनवते. बेन सांगेल ते रसायन टाकावे लागते आणि चूक झाली की स्फोट होतो. ‘इलेक्शन डे’ या कामात मतदान यंत्रांत फेरफार करून भ्रष्ट उमेदवाराला जिंकवायचे असते. गुन्ह्याचे असे रसभरीत उदात्तीकरण व्हावे का, हा आक्षेप जुनाच आहे आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही.

खेळाचे स्वतःचे नीतिनियम मात्र बारकाईने पाहण्यासारखे आहेत. सामान्य नागरिकाला मारले की मिळकतीतून पैसे कापले जातात, आणि तो खेळाडू पुढे पोलिसांच्या ताब्यात सापडला तर सुटकेसाठी त्याला जास्त वेळ थांबावे लागते. नागरिकांना ओरडून खाली झोपवायचे आणि प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधून ओलीस ठेवायचे, ही अपेक्षित रीत. पकडलेला साथीदार परत हवा असेल तर त्याच्या बदल्यात एक ओलीस सोडावा लागतो. नागरिकाच्या जिवाला येथे किंमत आहे, पण ती विनिमयाची आहे. जिवंत ओलीस कामाचा, म्हणून तो जपायचा. पोलिसाला मारण्याची मात्र काहीच किंमत मोजावी लागत नाही. त्याला नाव नाही, घर नाही, आणि त्याच्यामागे कोणी रडत नाही. नागरिक आणि पोलीस यांच्यात ओढलेली ही रेघ खेळाडूला सोयीची आहे, आणि खेळावरील सर्वांत रास्त आक्षेप तिच्यावरच घेता येतो.

याचे एक ठळक उदाहरण म्हणजे खेळातील ‘स्टॉकहोम सिंड्रोम’ हे कौशल्य. ते पूर्ण आत्मसात केले की ओलीस सुटका झाली तरी पळत नाहीत आणि दरोडेखोराला सोडवण्यासाठी स्वतःला पुढे करतात. ही संज्ञा ओव्हरकिलच्याच शहरातील एका खऱ्या घटनेतून आली. ऑगस्ट १९७३ मध्ये नॉर्माल्मस्टोर्ग चौकातील क्रेडिटबँकेन या बँकेत दरोडेखोराने कर्मचाऱ्यांना २३ ते २८ तारखेपर्यंत ओलीस धरले. सुटकेनंतर ओलिसांनी पकडणाऱ्यांविषयी दाखवलेल्या आपुलकीचे स्पष्टीकरण म्हणून ही संज्ञा रूढ झाली, आणि मानसोपचारतज्ज्ञ निल्स बेयेरोट यांचे नाव तिच्याशी जोडले गेले. पोलिसांच्या बेफिकीर वागण्यामुळे ओलिसांना त्यांचीच अधिक धास्ती वाटत होती, हा त्या प्रकरणाचा दुसरा पैलू. माणसांवर गुदरलेला तो प्रसंग खेळात एक उपयुक्त गुण होऊन बसला. यात द्वेष नाही. पण करमणूक खऱ्या वेदनेला किती सहज साहित्य करून टाकते, ते यात दिसते.

खेळाच्या बाजूनेही बोलायला हवे. मुखवटे, विनोदी संवाद आणि अशक्य कोटीतली लूट यांमुळे हे जग उघडपणे चित्रपटी आहे. २०११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘ब्राउन विरुद्ध एंटरटेनमेंट मर्चंट्स असोसिएशन’ या खटल्यात व्हिडिओ गेमला पुस्तके आणि नाटकांप्रमाणेच अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण दिले. हिंसक खेळांमुळे मुले आक्रमक होतात हे कारण-कार्य सिद्ध झालेले नाही, असे बहुमताच्या निकालात नोंदवले गेले. दरोड्याची गोष्ट सांगणे म्हणजे दरोड्याची शिकवण देणे नव्हे. प्रौढ खेळाडूला हा फरक कळतो, असे मानूनच या खेळाकडे पाहणे न्याय्य आहे.

तिजोऱ्या आणि ड्रिल यांचा वाद : पे-डे २ च्या प्रकाशनाआधी, २०१३ मध्ये, खेळात मायक्रोट्रान्झॅक्शन म्हणजे पैसे मोजून करायची किरकोळ खरेदी अजिबात नसेल, असे निर्मात्यांनी जाहीरपणे सांगितले होते. नवे दरोडे आणि शस्त्रे असलेले जोडभाग, म्हणजे डीएलसी, ते विकत होते आणि पुढील काही वर्षांत त्यांची संख्या डझनावारी झाली. पण त्यात एक उदार नियम होता. चौघांपैकी यजमान खेळाडूकडे एखादा विकतचा दरोडा असला, तर उरलेल्या तिघांना तो फुकट खेळता येई. खेळाडूंचा लोभ अशाच गोष्टींतून जडला होता.

ऑक्टोबर २०१५ मध्ये क्राइमफेस्ट हा खेळाचा वार्षिक उत्सव सुरू होता. खेळाडूंनी ठरवून दिलेली आव्हाने पार करायची आणि बक्षीस म्हणून नव्या गोष्टी मिळवायच्या, अशी त्याची रीत. १५ ऑक्टोबरला त्याच उत्सवात ‘ब्लॅक मार्केट’ हे अपडेट आले. दरोडा संपल्यावर खेळाडूला कधीकधी बंद तिजोरी मिळू लागली. ती उघडायला ड्रिल हवे, आणि ड्रिलची किंमत २.४९ डॉलर. आत शस्त्राचे कोणते आवरण निघेल ते नशिबावर. काही आवरणे केवळ शोभेची नव्हती. त्यांमुळे शस्त्राची अचूकता किंवा स्थिरता वाढे. नको असलेली आवरणे स्टीम या खेळविक्रीच्या संकेतस्थळाच्या बाजारात खऱ्या पैशांत विकताही येत.

खेळाडू खवळले. स्टीमवरील खेळाच्या पानावर नापसंतीच्या अभिप्रायांचा पाऊस पडला. खेळाडूंची चर्चापाने विनामोबदला सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांनी संप पुकारला आणि कंपनीने आपल्याशी बोलावे, अशी मागणी केली. मोफत काम करणाऱ्या रसिकांनी संप करावा, ही या क्षेत्रात विरळ घटना. काही दिवसांत कंपनीने खेळता खेळता अधूनमधून ड्रिल फुकट मिळण्याची सोय केली, पण विक्री चालूच राहिली. पुढे निर्माते अल्मिर लिस्टो यांनी खेळाडूंच्या प्रश्नांना जाहीर उत्तरे देताना झालेल्या मनस्तापाबद्दल माफी मागितली. निर्मात्यांचा संघ मोठा झाला आहे आणि तो चालवायला उत्पन्न लागते, अशी बाजूही त्यांनी मांडली.

आक्षेप तीन होते आणि ते वेगळे करून पाहावे लागतात. पहिला, वचनभंगाचा. ज्यांनी २०१३ मध्ये खेळ विकत घेतला, त्यांनी ते आश्वासन धरूनच पैसे मोजले होते. दुसरा, पैशाने सामर्थ्य विकत घेण्याचा. सहकारी खेळात एकाच्या ताकदीने दुसरा हरत नाही, म्हणून यात अन्याय नाही, असा बचाव झाला. पण चौघे समान कष्ट करत असताना कौशल्याऐवजी पाकीट बोलू लागले की सोबतीचा पाया डळमळतो. तिसरा आणि सर्वांत गंभीर आक्षेप जुगाराचा. काय मिळणार हे न सांगता पैसे घेणे ही सोडतच आहे, आणि तिच्यात अल्पवयीनांना अडवणारे खरे कुंपण नव्हते. या प्रश्नावर सरकारे आणि मानांकन मंडळे नंतर जागी झाली. एप्रिल २०१८ मध्ये बेल्जियमच्या जुगार आयोगाने काही लोकप्रिय खेळांतील अशा सोडतीच्या पेट्या बेकायदा ठरवल्या. २०२० मध्ये ईएसआरबीने यादृच्छिक वस्तूंच्या विक्रीची सूचना वेष्टनावर देणे सुरू केले. पे-डे २ च्या खेळाडूंनी हा धोका त्याआधीच ओळखला होता.

माघार आणि पुढील घडामोडी : मे २०१६ च्या अखेरीस स्टारब्रीझने ५०५ गेम्सकडून पे-डेचे सर्व हक्क ३ कोटी डॉलर मूल्याचे समभाग देऊन मिळवले. त्याबरोबरच ड्रिलची विक्री बंद झाली आणि तिजोऱ्या फुकट उघडू लागल्या. जून २०१७ मध्ये ‘अल्टिमेट एडिशन’ आली, ५० लाख प्रती मोफत वाटण्यात आल्या आणि यापुढे विकतचे जोडभाग निघणार नाहीत, असे सांगण्यात आले.

हे वचनही टिकले नाही. ओव्हरकिलचा ‘द वॉकिंग डेड’ हा महत्त्वाकांक्षी खेळ नोव्हेंबर २०१८ मध्ये आपटला आणि डिसेंबरमध्ये स्टारब्रीझला न्यायालयाच्या देखरेखीखालील पुनर्रचनेचा आसरा घ्यावा लागला. ती प्रक्रिया डिसेंबर २०१९ मध्ये संपली. दरम्यान त्याच वर्षी विकतचे जोडभाग पुन्हा सुरू झाले. या वेळी कंपनीने आधीचे आश्वासन मोडत असल्याचे मान्य केले. पुढचा भाग ‘पे-डे ३’ सप्टेंबर २०२३ मध्ये आला. एकट्याने खेळायचे असले तरी त्याला सतत इंटरनेट जोडणी लागत असे. पहिल्याच दिवसांत सर्व्हर कोलमडले आणि पैसे भरलेल्या गिऱ्हाइकांना खेळाच्या दाराशी ताटकळावे लागले.

मूल्यमापन : पे-डे २ ने सहकारी खेळाचा एक अव्वल नमुना घालून दिला. चौघांची भूक, भीती आणि लूट एकत्र बांधणारी त्याची रचना आजही शिकण्याजोगी आहे. त्यातील दरोडे कल्पित आहेत आणि खेळाडूला ते कल्पित असल्याचे ठाऊक असते. ड्रिलचे पैसे मात्र खरे होते, आणि जो शब्द मोडला तो खऱ्या माणसांना दिलेला होता. म्हणून या खेळाच्या नैतिक चर्चेत पडद्यावरील बंदुकीला जेवढी जागा मिळते, त्याहून जास्त जागा कंपनीच्या वागणुकीला द्यायला हवी. विकला गेल्यानंतरही बदलत राहणाऱ्या वस्तूबाबत गिऱ्हाइकाजवळ निर्मात्याच्या शब्दाखेरीज फारसे काही नसते. सोडतीच्या विक्रीला आळा घालायला सरकारे उशिरा पुढे आली. त्याआधी संप करणाऱ्या स्वयंसेवकांनी आणि रोखठोक अभिप्राय लिहिणाऱ्या खेळाडूंनी ते काम केले. ड्रिलची विक्री थांबण्यामागे त्यांच्या चिकाटीचाही वाटा मानता येतो, आणि व्हिडिओ गेमच्या इतिहासात ग्राहकांच्या एकजुटीचे उदाहरण म्हणून त्याची नोंद व्हायला हवी.