मॅज सायर्स : नियमाने न अडवलेली स्केटर

१९०२ साली लंडनमध्ये भरलेल्या जागतिक फिगर स्केटिंग स्पर्धेत मॅज सायर्स या इंग्रज स्केटरने प्रवेश घेतला, तेव्हा आयोजकांची पंचाईत झाली. १८९६ पासून भरणाऱ्या या स्पर्धेत तोवर फक्त पुरुष उतरत आले होते. नियमावली चाळली तर स्त्रियांना मनाई करणारे एकही कलम सापडेना. एखादी स्त्री अर्ज भरेल, हे नियम करणाऱ्यांच्या मनातही आलेले नव्हते. सायर्स स्पर्धेत उतरल्या आणि दुसऱ्या आल्या. त्यांच्या पुढे होता तो स्वीडनचा उलरिक साल्कोव्ह, पुढे दहा वेळा जगज्जेता ठरलेला.

सायर्स यांचा जन्म १८८१ सालचा, लंडनचा. माहेरचे आडनाव केव्ह. पती एडगर सायर्स स्वतः स्केटर होते आणि मार्गदर्शकही. इंग्लंडमध्ये तेव्हा ताठ अंगाची, हात शरीराला चिकटवून स्केटिंग करण्याची पद्धत रूढ होती. एडगर यांना युरोपातली मोकळी, डौलदार शैली पसंत होती. पत्नीने ती आत्मसात केली, आणि आंतरराष्ट्रीय परीक्षकांपुढे हीच शैली उपयोगी पडली.

त्या काळच्या स्पर्धेत गुणांचा मोठा वाटा सक्तीच्या आकृत्यांना असे. एका पायावर तोल सांभाळत, पात्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या कडेने बर्फावर आठाचा आकडा आणि त्याचे नाना प्रकार कोरायचे, मग त्याच रेघेवरून पुन्हा फिरायचे. परीक्षक वाकून रेघा न्याहाळत : वर्तुळ गोल उतरले का, दुसरी रेघ पहिलीपासून ढळली का. संगीतावर केलेल्या मोकळ्या सादरीकरणाइतकेच, किंबहुना जास्तच, महत्त्व या चिकाटीच्या कामाला होते. ताकदीपेक्षा नेमकेपणाची कसोटी पाहणाऱ्या या प्रकारात स्त्री कमी पडेल, असे मानायला आधार नव्हता.

तरी पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघाने स्त्रियांना या स्पर्धेची दारे बंद केली. पुढे आलेली कारणे अशी : लांब झग्यामुळे पाय दिसत नाहीत, म्हणून गुण देणे अवघड, परीक्षकाचा जीव स्पर्धक स्त्रीवर जडलेला असू शकतो, आणि स्त्री-पुरुषांची तुलना करणे कठीण. यातले पहिले कारण तेवढे खेळाशी संबंधित होते, आणि त्यावर उपायही सोपा होता. सायर्स घोट्याच्या वर येणारा आखूड घागरा घालून बर्फावर उतरू लागल्या. उरलेली दोन कारणे परीक्षकांच्या अडचणी सांगतात. त्यांची शिक्षा मात्र खेळाडूला झाली.

मायदेशात अशी आडकाठी नव्हती. १९०३ मध्ये सुरू झालेली ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धा स्त्री-पुरुष दोघांनाही खुली होती. पहिल्या वर्षी सायर्स यांनी ती जिंकली. १९०४ मध्ये पुन्हा जिंकली, आणि त्या वेळी दुसऱ्या क्रमांकावर खुद्द एडगर होते.

१९०६ मध्ये संघाने स्वित्झर्लंडमधील दाव्होस येथे स्त्रियांसाठी स्वतंत्र स्पर्धा भरवली. ती सायर्स यांनी जिंकली, आणि १९०७ ची व्हिएन्नातली स्पर्धाही. दोन्ही वेळा येनी हेर्ट्झ दुसऱ्या, तर हंगेरीच्या लिली क्रोनबर्गर तिसऱ्या आल्या. या स्पर्धांना 'जागतिक' हे बिरूद तेव्हा नव्हते. तो मान त्यांना मागाहून मिळाला.

हिवाळी ऑलिंपिक सुरू होण्याआधी, १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्येच फिगर स्केटिंगचा प्रथम समावेश झाला. नाइट्सब्रिजच्या प्रिन्सेस स्केटिंग क्लबमध्ये, कृत्रिम बर्फावर, ऑक्टोबरअखेरीस सामने झाले. स्त्रियांच्या गटात पाच जणी होत्या. पाचही परीक्षकांनी सायर्स यांना पहिला क्रमांक दिला. अशी एकवाक्यता या खेळात सहजासहजी दिसत नाही. जोडी प्रकारात एडगरसोबत त्यांनी कांस्यपदकही मिळवले.

त्यानंतर प्रकृतीने साथ दिली नाही आणि सायर्स स्पर्धांपासून दूर झाल्या. १९१३ मध्ये पतीसह लिहिलेले आंतरराष्ट्रीय शैलीच्या स्केटिंगवरचे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. १९१७ च्या सप्टेंबरमध्ये, वयाच्या ३५ व्या वर्षी, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. महायुद्धामुळे तेव्हा जागतिक स्पर्धा बंद होत्या. १९२२ साली त्या पुन्हा भरल्या, तेव्हा स्टॉकहोममध्ये पुरुषांबरोबर स्त्रियांचीही स्पर्धा झाली.