एका कायद्याचा माग



या व्यासपीठावर आजवर पंडित आणि प्राध्यापक बोलत आले. आम्ही नववीपर्यंत शिकलेले. पुढचे शिक्षण गिरणीच्या दारावरच्या सभांत आणि कामगार न्यायालयाच्या पायऱ्यांवर झाले. तेव्हा इतिहासावर बोलण्याचा आमचा अधिकार कोणता, असे कोणी विचारील. उत्तर एवढेच, की एक चुकीची गोष्ट आम्ही वीस वर्षे लोकांना खरी म्हणून सांगत होतो, आणि ती चुकीची आहे हे आम्हांला विद्यापीठाच्या ग्रंथालयात कळले. त्याचीच हकीकत आज सांगतो.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या साठएक गिरण्यांतील सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. डॉ. दत्ता सामंत त्यांचे पुढारी. आमचे वडील साचेखात्यात होते. आम्ही तेव्हा बारा वर्षांचे. पगारवाढ, बदलीवाल्यांना कायम करणे या मागण्या होत्याच. पण त्यांच्याबरोबर आणखी एक होती, ती म्हणजे १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द करा. या कायद्याप्रमाणे एका ठिकाणच्या एका धंद्यात एकच युनियन ‘प्रातिनिधिक’ ठरे, आणि तिने केलेला करार साऱ्या कामगारांवर बंधनकारक होई. मुंबईच्या कापडधंद्यात ती जागा राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होती. कामगार कोणाच्या मागे आहेत हे मतपेटीने नव्हे, सभासदांच्या नोंदवहीने ठरे. संप रीतसर कधी मागे घेतला गेला नाही. तो विरत गेला, आणि त्याच्याबरोबर हजारो संसारही.

पुढे आम्ही संघटनेच्या कामात पडलो. दर गेट सभेत आम्ही ठणकावून सांगत असू, की हा काळा कायदा इंग्रजांनी केला आणि जाताना आपल्या गळ्यात अडकवून गेले. टाळ्या पडत. एकदा सभा संपल्यावर रात्रीच्या महाविद्यालयात शिकणारा एक पोरगा जवळ आला आणि म्हणाला, “दादा, एक विचारू का? १९४६ साली मुंबईत मंत्रिमंडळ कोणाचे होते?” आम्ही त्याला चहा पाजला. उत्तर मात्र देता आले नाही.

ओळखीच्या एका प्राध्यापकांनी चिठ्ठी दिली आणि आम्ही राजाबाई मनोऱ्याच्या ग्रंथालयाची पायरी चढलो. या वास्तूविषयी दोन शब्द सांगितल्यावाचून राहवत नाही. प्रेमचंद रायचंद या कापसाच्या आणि शेअरांच्या व्यापाऱ्याने तिच्यासाठी देणगी दिली. मनोऱ्याला आपल्या आईचे नाव दिले. आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या इंग्रज वास्तुशिल्पज्ञाचा. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले होते, लँकेशायरला तिकडचा कापूस मिळेना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपताच तो फुगा फुटला. खुद्द प्रेमचंदही बुडाले. इमारत मात्र १८७८ साली पुरी झाली. ज्या कापसापायी आमचे आजोबा घाटावरून मुंबईस आले, त्याच कापसाच्या पैशावर हे वाचनगृह उभे आहे. तेव्हा आम्ही तेथे बसलो ते परक्याच्या घरी बसलो असे आम्हांला वाटले नाही.

पण पुस्तक मागायचे कसे? आम्ही राज्यशास्त्राच्या कपाटात युनियन शोधत होतो. ग्रंथपालांच्या साहाय्यकांनी हसून समजावले, “काका, राज्यशास्त्र तीनशे वीसच्या घरात, तुमचा संप तीनशे एकतीसमध्ये, अर्थशास्त्रात. कायदा आणखी पुढे, तीनशे चाळीसला.” ही दशांश पद्धत मेल्व्हिल ड्यूई नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ साली काढली. आपल्या रंगनाथनांनीही कामगारांना अर्थशास्त्रातच बसवले आहे. आम्हांला हे तेव्हाही खटकले आणि आजही खटकते. कोणी कोणाच्या वतीने बोलावे, कोणाचा शब्द सर्वांवर बंधनकारक असावा, हा प्रश्न विधिमंडळात विचारला तर राज्यशास्त्र आणि गिरणीत विचारला तर मजुरीचे अर्थशास्त्र! असो. तीन कपाटांत हिंडावे लागते, एवढे ध्यानात ठेवावे.

आम्ही मागून पुढे नव्हे, पुढून मागे वाचत गेलो. आधी कायद्याचा मजकूर, मग त्याच्या विधेयकाला जोडलेले ‘उद्देश आणि कारणे’ यांचे निवेदन, मग विधिमंडळातील चर्चेचे खंड. विधेयक आणि मंजूर झालेला कायदा शेजारीशेजारी ठेवून वाचले म्हणजे कोठे काय गाळले आणि कोठे काय घुसवले ते दिसते. इंग्रजी कोशाशिवाय आमचे पान हलत नसे. पहिल्या आठवड्यात अकरा पाने झाली.

आणि त्या पोराचे उत्तर सापडले. १९४६ चे मंत्रिमंडळ बाळासाहेब खेर यांचे, निवडून आलेले, काँग्रेसचे. मजूरमंत्री गुलझारीलाल नंदा. इंग्रजांचे राज्य अजून गेले नव्हते हे खरे. पण हा कायदा आपल्या माणसांनी, आपल्या सभागृहात, भरपूर चर्चा करून केला होता. त्या दिवशी आम्ही लवकर उठून घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, कारण एवढ्यावर थांबलो असतो तर एका खोट्याच्या जागी दुसरे अर्धसत्य घेऊन आलो असतो. नंदांनी असा कायदा का केला? ते १९२२ पासून अहमदाबादच्या मजूर महाजनाचे चिटणीस होते. १९१८ साली गांधीजींच्या नेतृत्वाखाली तेथे संप झाला, त्यातून १९२० साली ही संघटना उभी राहिली; एक गाव, एक संघटना, तंटा झाला तर लवाद. अहमदाबादेत ही घडी बसली होती. जे आपल्या घरी चांगले चालले ते सर्वत्र चालावे, असे त्यांना प्रामाणिकपणे वाटले असावे. आम्ही त्यांना खलपुरुष मानत नाही. पण गिरणगाव म्हणजे अहमदाबाद नव्हे. येथे १९२८ सालीच सहा महिन्यांचा संप झाला होता, लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन जन्मली होती, आणि एका धंद्यात अनेक झेंडे ही येथली रीतच होती. तेथे एकाच झेंड्याला कायद्याने खांब पुरून दिला, आणि खांब हलवण्याची वाट अशी अरुंद ठेवली की साऱ्या गिरण्या बंद पडल्या तरी तो हलला नाही.

आणखी मागे गेलो तो १९३८. तेही खेर मंत्रिमंडळच, आणि नंदा त्या वेळी संसदीय चिटणीस. औद्योगिक तंटे विधेयक आले; त्यात तडजोडीचे टप्पे पुरे होण्याआधी केलेला संप बेकायदा आणि शिक्षेस पात्र ठरवला होता. जमनादास मेहता विरोधात उभे राहिले. स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने डॉ. आंबेडकर सप्टेंबरात बोलले, आणि ते भाषण आम्ही तीन दिवस वाचत होतो. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा, की संप म्हणजे फार तर नोकरीच्या कराराचा भंग. तो दिवाणी मामला आहे. त्याला गुन्हा ठरवून शिक्षा करणे म्हणजे माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध राबवणे, आणि त्याला गुलामगिरीच म्हणावे लागेल. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी या विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला. त्यात आंबेडकरांचा पक्ष आणि कम्युनिस्ट खांद्याला खांदा लावून होते, एरवी त्यांचे फारसे पटत नसताही. विधेयक तरीही मंजूर झाले.

त्याच्या मागचे धागे भराभर सांगतो. १९३४ च्या मुंबईच्या समेट कायद्याने सरकारी मजूर अधिकारी आला; कामगारांची बाजू मांडायला सरकारचा नोकर! त्याआधी १९२९ चा व्यापारी तंटे कायदा. ज्या ८ एप्रिलला तो मध्यवर्ती विधिमंडळात मंजूर झाला, त्याच दिवशी भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी त्या सभागृहात बाँब टाकला.

एक सावधगिरी सांगून ठेवतो. या खंडांत आमदार बोलतात, मंत्री बोलतात. साच्यावरचा माणूस कोठेच बोलत नाही. १९२१ पासून निघू लागलेल्या ‘लेबर गॅझेट’मध्ये संपांचे तक्ते आहेत: कारण काय, किती दिवस बुडाले, निकाल कोणाच्या बाजूने. त्या निकालाच्या रकान्यात एक शब्द असतो, आणि त्या शब्दाखाली किती चुली विझल्या ते त्यात नसते. तेवढ्यासाठी माणसांकडेच जावे लागते.

२०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत वाटाघाटी करणाऱ्या एकमेव युनियनसाठी हजेरीपटावरचे शेकडा ५१ कामगार मागितले आहेत. प्रश्न तोच आहे, आकडा बदलला. आता आम्ही गेट सभेत त्यावर बोलतो तेव्हा खेरांचे नाव घेतो, नंदांचे घेतो, अहमदाबादचेही सांगतो. टाळ्या पूर्वीपेक्षा कमी पडतात.

वडील आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. तुमची ती मागणी कोणी वाटेवर सुचवलेली नव्हती, चव्वेचाळीस वर्षे आधी या सभागृहात तिची कारणे मांडली गेली होती, असे आम्ही त्यांना सांगितले, आणि टिपणवहीतून सात नोव्हेंबरची तारीख वाचून दाखवली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “एक दिवसाचा संप? आबा सांगायचे त्याची गोष्ट. मी आपला अठ्ठावीस सालचाच समजत होतो.”