अल्कोहोलिक्स अनॉनिमस : सभा
मद्यपान सोडू इच्छिणाऱ्यांनी परस्परांच्या आधारासाठी नियमाने भरविलेली बैठक. न्यूयॉर्कच्या रोखेबाजारात वावरलेले बिल विल्सन व ओहायओतील ॲक्रनचे शल्यचिकित्सक डॉ. बॉब स्मिथ, हे दोघेही मद्याच्या पूर्ण आहारी गेलेले गृहस्थ, मे १९३५ मध्ये भेटले, आणि व्यसनाधीनास व्यसनाधीनाचेच म्हणणे पटते या अनुभवातून अल्कोहोलिक्स अनॉनिमस हा संघ उभा राहिला; व्यसनमुक्तीच्या त्याच्या बारा पायऱ्या संघाच्या १९३९ च्या ग्रंथात प्रसिद्ध झाल्या. मद्य सोडण्याची इच्छा, एवढीच सभासदत्वाची अट. अर्ज नाही, वर्गणी नाही. चर्चच्या वा शाळेच्या एखाद्या खोलीत, चहा-कॉफीचा पेला हाती धरून, जो तो केवळ पहिले नाव सांगतो, आपण मद्यपी असल्याचे कबूल करतो व आपली हकिगत कथन करतो. मध्ये कोणी बोलत नाही, आणि नवख्यावर बोलण्याची सक्ती नसते. ऐच्छिक नाण्यांसाठी पिशवी फिरते. बाहेरची देणगी मात्र, कितीही मोठी असली तरी, नाकारतात, हा दंडक विशेष स्तुत्य होय. बारा पायऱ्यांतील ईश्वरोल्लेख नास्तिकांस खटकतो, तो अकारण नव्हे. दीर्घकाळ अतिमद्यपान केलेल्याने ते एकाएकी थांबविल्यास झटके वा भ्रम संभवतात. म्हणून सभेच्या जोडीस वैद्यकीय सल्ला आवश्यक असतो.