देवळाचा माळा

आमच्या वसईत जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणायची. आई पहाटे अंधारात निघायची तेव्हा 'देवळात जाऊन येते' असंच सांगायची. घाटावरचा एखादा व्यापारी केळी बघायला आलेला असला तर तो ते ऐकून चपापायचा, आणि तिच्या गळ्यातला खुरूस बघून आणखी चपापायचा.

त्या देवळात बाबा व्हायोलिन वाजवायचे. आठवडाभर वाडीत केळीच्या खुंटांशी झुंजणारा माणूस रविवारी पांढरा सदरा घालून मागच्या लाकडी माळ्यावर चढायचा. गाणाऱ्या मंडळींसाठी तो माळा होता. सागाच्या रुंद फळ्या, खाली चार खांब, आणि चढायला इतका अरुंद जिना की जाड माणसानं तिरकंच चढावं. मी तेव्हा लहान होतो. मिस्सा लॅटिनमध्ये, फादर आल्ताराकडे तोंड करून उभे. आम्हाला एक अक्षर कळायचं नाही, म्हणून आम्ही मागं वळून माळ्याकडं बघायचो आणि आईचा चिमटा खायचो. मग रोमला 1962 ते 1965 धर्मपरिषद झाली आणि मिस्सा मराठीत आली. बाबांनी त्याच व्हायोलिनवर मराठी गीतं बसवली.

वसईचा इतिहास म्हटलं की लोक किल्ला सांगतात. 1534 साली गुजरातच्या बहादुरशहाकडून हा मुलूख पोर्तुगिजांकडं गेला. दोनशे वर्षांत किल्ल्याच्या आत जेझुइट, फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन अशा संघांची मोठमोठी चर्चं उठली. किल्ल्याबाहेर सांडोर, निर्मळ, रमेदी, आगाशी, नंदाखाल इथं शेतकऱ्यांची देवळं झाली. 1739 च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला. पोर्तुगीज जहाजात बसून गेले. आमचे खापरपणजे कुठं जाणार? पानवेली आणि केळी काही जहाजात घालून नेता येत नाहीत.

किल्ल्यातली बहुतेक चर्चं आज नुसत्या भिंती आहेत. आत वडाची मुळं उतरली आहेत, लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी येतात. बाहेरच्या देवळांतलीही काही पडली, काही नव्यानं बांधावी लागली, पण त्यांची जागा कधी सुटली नाही. दगड आणि चुना दोन्हीकडं तोच. किल्ल्यात कौल सरकलं तर ते जागेवर बसवणारं कुणी उरलं नव्हतं. आमच्या देवळाच्या शाकारणीला मात्र मे महिन्यात घरटी एक माणूस जायचा. ज्याच्या घरी माणूस नसेल त्यानं चहाचा खर्च द्यायचा. किल्ल्यातसुद्धा गोन्सालो गार्सियांच्या नावानं ओळखलं जाणारं चर्च जरा बऱ्या अवस्थेत आहे. हे वसईत जन्मलेले संत, 1597 साली नागासाकीला क्रुसावर मारले गेले, 1862 साली त्यांना संतपद मिळालं. फेब्रुवारीत त्यांच्या सणाला लोक तिथं जमतात.

वसईच्या चर्चांतल्या घंटा मराठ्यांनी नेल्या हेही सगळ्यांना माहीत असतं. काही लोक ते रागानं सांगतात, काही अभिमानानं. वाईजवळ मेणवलीच्या घाटावरची घंटा मी बघून आलो आहे. तिच्यावर 1707 साल आहे आणि बाळ येशूला घेतलेली मरियामाता आहे. नाशिकच्या नारोशंकराची घंटा वसईचीच, आणि भीमाशंकरलाही एक आहे. मला राग आला नाही. ती इथंच राहिली असती तर किल्ल्यासारखीच बेवारस झाली असती, कदाचित कुणीतरी वितळवलीही असती. तिथं नदीवर आलेली माणसं तिला हात जोडतात.

हे सगळं शहाणपण मला उशिरा आलं. नव्वद सालानंतर वसईत इमारती उठल्या, टँकर विहिरींतून पाणी उपसायला लागले आणि देवळात गर्दी मावेना. पॅरिशची सभा भरली. त्याच आवारात आम्ही पाणी वाचवायच्या सभाही घेत होतो, हिरवी वसई राखायच्या घोषणा देत होतो. कुणीतरी म्हणालं, माळ्याला वाळवी लागली आहे, तो काढू, खांब गेले की सहा बाकं जास्त बसतील. हात वर करा म्हणाले. मी केला. शेजारी बाबा बसले होते. त्यांचा हात मांडीवरच राहिला.

घरी येताना बावखलाच्या कडेला ते थांबले. म्हणाले, "वाळवी कुठं लागलीय ते तू बघितलंस का रे?"

मी बघितलं नव्हतं.

माळा उतरवला. फळ्या विकायला काढल्या तेव्हा चार मी घेतल्या, गोठ्याच्या दारासाठी. रंधा मारला तर आतून लाकूड मधासारखं निघालं. वाळवीचा एक दाणा नाही. गाणारी मंडळी खाली आल्तारापाशी बसायला लागली, कीबोर्ड आला. बाबा मिस्सेला जात राहिले, पण व्हायोलिन नेलं नाही. मीही कधी विचारलं नाही.

त्याच वेळी भिंतींचा जुना चुना खरवडून सिमेंट चढवलं होतं. वीस-पंचवीस वर्षांत भिंत घामेजायला लागली, मीठ फुटून पोपडे पडू लागले. जुन्या बांधकामातला एक जाणकार आला. तो म्हणाला, चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती कोंडून ठेवतं. शेतकऱ्याला हे कळायला काय अवघड? प्लास्टिक टाकलेली जमीन आम्ही रोज बघतो. या वेळी सभेत मी हात वर केला तो आधी भिंत बघून. चुना भिजत घातला, त्यात गूळ पडला, आणि शाकारणी संपल्यापासून घरात बसलेली माणसं पुन्हा देवळात कामाला आली.

आता पोरं माळा पुन्हा बसवायचं म्हणतायत. सुताराला जुन्या फळ्यांचे सांधे आणि जाडी हवी होती. कुणाकडं एखादी उरली आहे का, असं फादरांनी मिस्सेनंतर विचारलं. मी दार बिजागरीतून उतरवलं, धुतलं आणि टेम्पोतून देवळात नेऊन दिलं. गोठ्याला सध्या पत्रा लावलाय.