पाणी गेल्यावर उरतो तो प्रोशूत्तो

डुकराच्या खारवलेल्या मांडीची युरोपातली बरीच नावं त्या अवयवावरूनच पडली आहेत. रोमन लोक तिला 'पेर्ना' म्हणत, म्हणजे पाय. स्पॅनिश 'हामोन' आणि फ्रेंच 'जांबाँ' यांचं मूळही पायातच सापडतं. इंग्रजी 'हॅम' म्हणजे पूर्वी गुडघ्यामागचा खळगा. इटालियन 'प्रोशूत्तो' मात्र अवयवाचं नावच घेत नाही. त्याच्या मुळाशी लॅटिन 'एक्सुक्तुस' आहे: रस शोषून काढलेला. त्याच मुळाचा 'आशूत्तो' म्हणजे कोरडा. रस्सा नसलेल्या पास्त्याला इटलीत 'पास्ताशूत्ता' म्हणतात, तो यातूनच. मला हे नाव फार आवडतं, कारण ते बनवणाऱ्याच्या हातून आलेलं वाटतं.

मांड्या खारवण्याचं हे काम नावापेक्षाही जुनं आहे. इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकात रोमन लेखक कातोने आपल्या शेतीवरच्या ग्रंथात त्याची रीत दिली आहे: मांड्या मिठात पुरायच्या, पाच दिवसांनी खालच्या वर करायच्या, बाराव्या दिवसानंतर मीठ पुसून वाऱ्यावर टांगायच्या, मग तेल लावून धुरी द्यायची.

प्रोशूत्तोसाठी प्रसिद्ध असलेल्या इटलीतल्या पार्म्यात मात्र धुरी नाही. तिथे फक्त मीठ, थंडी आणि वारा. मीठ चोळणारा 'सालातोरे' कातडीकडून ओलसर मीठ लावतो, उघड्या मांसावर कोरडं. आठवड्याभराने दुसरा हात. मीठ कमी पडलं तर हाडाजवळ मांस नासतं, जास्त झालं तर चव मरते. सारी मदार त्याच्या तळहातावर. मग मांड्या थंडीत कित्येक आठवडे विसावतात, धुतल्या जातात आणि समोरासमोर खिडक्या असलेल्या दालनांत टांगल्या जातात. पार्म्याजवळच्या लांगिरानोच्या टेकड्यांवरचा कोरडा वारा पुढचं काम करतो. वरचा थर आतल्याआधी कडक होऊ नये म्हणून उघड्या भागाला चरबी माखतात. घोड्याच्या हाडाची सुई ठरावीक जागी टोचून, तिचा वास घेऊन आतलं मांस पारखतात. आज किमान 14 महिने मुरल्याशिवाय मांडीवर पार्म्याच्या पाच टोकांच्या मुकुटाचा शिक्का उमटत नाही. तोवर मांडीचं एक चतुर्थांशाहून अधिक वजन उडालेलं असतं. तरीही रंग गुलाबी-लाल राहतो, आणि तोही नायट्राइट न घालता.

एक विसंगती आहे. 'कोत्तो' म्हणजे शिजवलेला प्रोशूत्तो चांगलाच ओलसर असतो. कोरडेपणाचा अर्थ विसरला गेला आणि शब्द मांडीलाच चिकटला, म्हणून तर कच्च्याला वेगळं 'क्रूदो' म्हणावं लागलं.

शब्द इटालियन भाषेपाशी थांबला नाही. फ्रिउलीत तो 'पेर्सूत' आहे, क्रोएशियात 'पर्शुत', पोर्तुगालात 'प्रेझुंतो'. पोर्तुगीजांचं खारवणं गोव्यातही आलं. तिथल्या दमट हवेत मांसाचे तुकडे मीठ, व्हिनेगर आणि मिरचीत मुरवून, आतड्यात भरून सुकवू लागले. या पदार्थाला नाव मात्र पोर्तुगीज सॉसेजचं, 'शोरिसु'चं, मिळालं. तीच गोव्याची चोरीस.