पॉडकास्ट

इंटरनेटवरून क्रमशः प्रसिद्ध होणारी आणि श्रोत्याच्या संगणकात वा भ्रमणध्वनीत आपोआप उतरवून घेता येणारी ध्वनिमुद्रित कार्यक्रमांची मालिका. ॲपल कंपनीच्या ‘आयपॉड’ या खिशात मावणाऱ्या ध्वनियंत्राच्या नावातील ‘पॉड’ आणि ‘ब्रॉडकास्ट’ म्हणजे प्रक्षेपण या शब्दातील ‘कास्ट’ यांच्या जोडणीने ही संज्ञा बनली. यंत्राचा संबंध मात्र नावापुरताच आहे. ते २००१ मध्ये बाजारात आले व २०२२ मध्ये बंद झाले. पॉडकास्ट ऐकण्यासाठी त्याची अनिवार्य गरज कधीच नव्हती.

संभाषण, व्याख्यान, मुलाखत, कथाकथन, श्रुतिका हे सर्व प्रकार नभोवाणीने पूर्वीच रूढ केलेले होते. पॉडकास्टचे वेगळेपण आहे ते ऐकण्याची वेळ कोणी ठरवावयाची, यात. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले, तेव्हापासून भारतातील श्रोता केंद्राच्या वेळापत्रकाशी बांधलेला होता [→ आकाशवाणी]. पुणे केंद्राने १९५५-५६ मध्ये ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके यांचे गीतरामायण आठवड्यास एक नवे गीत याप्रमाणे सादर केले, तेव्हा रेडिओ असलेल्या घरी ठरल्या वेळी शेजारीपाजारी जमत. एकाच क्षणी हजारो घरांतून एकच स्वर ऐकला जाण्याचा हा सामुदायिक आनंद पॉडकास्टला देता येत नाही, हे आरंभीच नमूद केले पाहिजे. १९७९ मध्ये जपानमध्ये निघालेल्या वॉकमन या यंत्राने श्रोत्याला जागेच्या बंधनातून सोडविले. पण कार्यक्रमाची ध्वनिफीत आधी मिळवावी लागे, आणि भाषणे वा चर्चा यांच्या फिती दुकानांत क्वचितच असत.

या अडचणीवरील तोड अमेरिकेत निघाली. डेव्ह वायनर (१९५५–   ) हा संगणक-आज्ञावलींचा रचनाकार आणि ॲडम करी (१९६४–   ) हा एमटीव्ही वाहिनीचा माजी निवेदक यांची ऑक्टोबर २००० मध्ये न्यूयॉर्क येथे भेट झाली. त्या काळी घरगुती इंटरनेटचा वेग इतका अल्प होता की, ध्वनिमुद्रणावर टिचकी मारल्यानंतर ते ऐकू येईपर्यंत बराच वेळ ताटकळावे लागे. करीची कल्पना साधी होती : संगणक रात्रभर चालूच असतो, तर श्रोता झोपेत असताना त्याने ध्वनिमुद्रण उतरवून ठेवावे. वायनर याची ‘आर. एस. एस.’ (रिअली सिंपल सिंडिकेशन) ही लेखनपद्धती तेव्हा संकेतस्थळांवरील नव्या मजकुराची यादी, म्हणजे ‘फीड’, तयार करण्यासाठी वापरात होती. तिच्यात त्याने डिसेंबर २००० मध्ये ध्वनिमुद्रणाचा पत्ता जोडण्याची सोय केली. श्रोत्याच्या संगणकातील आज्ञावली ठरावीक काळाने ही यादी तपासते आणि नवा भाग दिसताच तो उतरवून घेते. पॉडकास्टचे सारे तंत्र एवढेच आहे. या सोयीचा प्रारंभी फारसा कोणी उपयोग केला नाही.

२००३ च्या उन्हाळ्यात क्रिस्टोफर लायडन या बॉस्टनच्या अनुभवी नभोवाणी-मुलाखतकाराने हार्व्हर्ड येथे वायनरच्या साहाय्याने आपल्या मुलाखती अशा रीतीने प्रसृत केल्या. १२ फेब्रुवारी २००४ च्या गार्डियन या ब्रिटिश दैनिकात बेन हॅमर्सली याने या नव्या प्रकारासाठी तीन नावे सुचविली. त्यांतील ‘पॉडकास्टिंग’ हे पुढे टिकले. ऑगस्ट २००४ मध्ये करीने आपला डेली सोर्स कोड हा कार्यक्रम सुरू केला. बी. बी. सी. ने त्याच वर्षी इन अवर टाइम ही विद्वानांची चर्चामालिका उतरवून घेण्यास खुली केली. जून २००५ मध्ये ॲपलने आपल्या आयट्यून्स या आज्ञावलीत सु. ३,००० पॉडकास्टची सूची घातली आणि दोन दिवसांत दहा लाख नोंदण्या झाल्या. त्या वर्षी न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरीने ‘पॉडकास्ट’ हा वर्षाचा शब्द म्हणून निवडला.

स्मार्टफोनच्या प्रसाराने हे ऐकणे दैनंदिन झाले. ऑक्टोबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या सीरियल या मालिकेने १९९९ मधील बॉल्टिमोर येथील एका शाळकरी मुलीच्या खुनाच्या खटल्याची फेरतपासणी केली. पॉडकास्टला मिळालेले पहिले पीबडी पारितोषिक तिला लाभले. शोधवृत्तीचा हा उत्तम नमुना असला, तरी एका कुटुंबाचे दुःख असंख्य श्रोत्यांच्या कुतूहलाचा विषय झाले, आणि त्याचे अनुकरण करणाऱ्या पुढील गुन्हेमालिकांनी तेवढाही विवेक नेहमी पाळला असे नाही.

भारतात खाजगी एफ. एम. केंद्रे २००१ पासून सुरू झाली. परंतु स्वतःची बातमीपत्रे देण्याची मुभा त्यांना नव्हती व जाहिरातींचे उत्पन्न चित्रपटगीतांवर अवलंबून होते. परिणामी श्राव्य माध्यमातील गंभीर वा निवांत बोलणे आकाशवाणीपुरतेच उरले. ही पोकळी पॉडकास्टने काही अंशी भरली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यावर भ्रमणध्वनीवरील इंटरनेट एकदम स्वस्त झाले व तासभराची मुलाखत ऐकणे खर्चाचे राहिले नाही. हात आणि डोळे गुंतलेले असले तरी कान मोकळे असतात. त्यामुळे लोकलमधील उभ्याचा प्रवास, भाजी निवडणे, सायंकाळची फेरी या वेळा या श्रवणाच्या ठरल्या. मराठीत इतिहास, साहित्य, शेती, आरोग्य इ. विषयांवरील मालिका निघू लागल्या. अनेक मालिका चित्रफितींच्या रूपातही येतात. त्या पाहावयाच्या की ऐकावयाच्या, हा भेद पुसट होत चालला आहे.

नवी मालिका सापडणे मात्र अवघडच राहिले. रेडिओची खुंटी फिरविताना अनपेक्षित स्वर कानी पडे, तसे येथे होत नाही. शीर्षक देवनागरीत असेल आणि शोध रोमन लिपीत घेतला, तर मराठी मालिका नजरेतून सहज निसटते. स्नेह्याने सुचविलेले नाव हाच पुष्कळदा खात्रीचा मार्ग ठरतो.

मूळ रचनेत फीड कोणाच्याही मालकीचे नव्हते : निर्मात्याने ते कोठेही ठेवावे आणि श्रोत्याने कोणत्याही आज्ञावलीने वाचावे. २०१९ पासून स्पॉटिफाय या स्वीडिश कंपनीने निर्मितिसंस्था विकत घेऊन काही मालिका केवळ स्वतःच्या मंचावर उपलब्ध केल्या. त्यांतील कित्येक पुढे पुन्हा सर्वत्र खुल्या झाल्या. या दोन पद्धतींतील फरक २०२४ मध्ये गूगल पॉडकास्ट ही सेवा बंद झाली तेव्हा श्रोत्यांच्या प्रत्ययास आला. ज्या मालिका खुल्या फीडवर होत्या, त्यांची यादी एका लहानशा फाइलमध्ये उतरवून दुसऱ्या आज्ञावलीत नेता येत होती. या फाइलची ‘ओ. पी. एम. एल.’ ही रचनाही वायनर याच्याच संस्थेत तयार झालेली होती.