होपी मृत्पात्रे

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात राहणाऱ्या होपी लोकांची हाताने घडवलेली चित्रित भांडी. ही कला मुख्यतः पहिल्या मेसावरील (मेसा म्हणजे सपाट माथ्याचा उंचवटा) गावांची. दुसऱ्या व तिसऱ्या मेसांची ख्याती टोपल्यांसाठी. येथे चाक नाही. मातीच्या वळ्या एकमेकींवर रचून वाडगा उभारतात, सुकल्यावर खरवडतात आणि गुळगुळीत दगडाने घोटतात. रानमोहरीचा आटवलेला रस व लोहखनिज यांचा काळा रंग युक्काच्या पानाच्या कुंचल्याने लावतात. पूर्वी भाजणी दगडी कोळशावर होई. पुढे मेंढ्यांच्या वाळलेल्या लेंड्या आल्या. करडी माती भाजल्यावर पिवळसर ते नारिंगी होते.

या कलेचे पुनरुज्जीवन १८९५ मध्ये पुरातत्त्वज्ञ जेसी वॉल्टर फ्यूक्स यांनी केलेल्या सिक्याट्की या प्राचीन होपी गावाच्या उत्खननातून झाले, असे वारंवार लिहिले जाते. पहिल्या मेसावरील हानो गावच्या होपी-तेवा कुंभारीण नामपेयो (सु. १८५९–१९४२) यांचे पती लेसू त्या खोदकामावर मजूर होते असे सांगितले जाते; नामपेयोंनी तेथे येऊन नक्ष्या उतरवून घेतल्या, ही फ्यूक्स यांचीच नोंद आहे, ती नाकारण्याचे कारण नाही. पण त्यावरून आरंभ ठरत नाही. सिक्याट्कीचे अवशेष हानोपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. खापरे तेथे उघडीच पडलेली असत. व्यापारी थॉमस कीम यांनी १८९५ पूर्वीच जुन्या भांड्यांचा मोठा संग्रह जमवला होता आणि ते कुंभारणींकडून तशा प्रतिकृती करवून घेत. उत्खननात अखंड वाडगे मोठ्या संख्येने मिळाले, त्यामुळे नक्षीची एकूण मांडणी समजली, हा आक्षेप रास्त आहे. मात्र तो नक्षीपुरता. एकोणिसाव्या शतकातील भांड्यांवर तडकणारा पांढरा लेप असे. तो सोडून मूळ मातीच घोटण्याकडे वळणे कागदावरच्या रेखाटनातून साधत नाही, त्याला माती निवडण्याचा व भाजणीचा हात लागतो. तो हात घराघरांत टिकून होता. उत्खननाचे अहवाल छापले गेले, कुंभारणींनी काही लिहिले नाही. श्रेयाची वाटणी बहुधा त्यामुळेच अशी झाली. नव्या प्रती प्राचीन म्हणून विकल्या जातील, अशी चिंता पुढे स्वतः फ्यूक्स यांनीच व्यक्त केली. ती कुंभारणीच्या कौशल्याची अनाहूत पावती म्हणता येईल.

धार्मिक उपयोग : विधींसाठीही वाडगे करतात.

परंपरा : दृष्टी मंदावल्यावर नामपेयो हाताच्या स्पर्शाने भांडी घडवत आणि रंगकाम घरातील माणसे करीत. ॲनी, नेली व फॅनी या मुलींनी हे काम पुढे चालवले.